जनरेटरची पूजा

माझं तोंड वाईट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. जनरेटर चालू झाला नाही तर इतर लोक देवाचं नाव घेतात, मी त्या जनरेटरच्या खानदानाचं घेते. आमच्या सेंटरमधली सिस्टर म्हणते, खाली जनरेटर चालू आहे की बाई चालू आहे, वरून कळत नाही. म्हणू दे. जनरेटर चालू असतो ना? बस.

आमचं डायलिसिस सेंटर परळला, मेन रोडवरून आत वळलं की एका ट्रस्टच्या जुन्या दुमजली इमारतीत. वर पेशंट नि मशीनं, खाली मागच्या अंगणात जनरेटर, आणि जनरेटरशेजारी माझी खोली. खोली म्हणजे एक टेबल, एक स्टूल, भिंतीला टांगलेली हत्यारं आणि पॅनेल. सांगायला माझं काम सोपं आहे. बाहेरची लाईट गेली की दहा सेकंदांच्या आत जनरेटर आपोआप चालू झाला पाहिजे. आता हे 'आपोआप' म्हणजे काय, तर पॅनेलमध्ये कंट्रोलर नावाचा तळहाताएवढा डबा असतो. तो बाहेरच्या लाईटवर नजर ठेवतो, गेली की इंजिनला उठवतो, आली की झोपवतो. काही बिनसलं तर आपल्या छोट्याशा पडद्यावर कारण लिहून दाखवतो. आणि त्या डब्यावर नजर ठेवायला मी.

मुंबईत लाईट जात नाही म्हणतात, आणि खरंच फारशी जात नाही. पण ती कधी जाईल ते सांगून जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे माझ्या आधी इथे जनरेटर बघायचे ते. मूळचे मालवणकडचे, जन्म लालबागच्या चाळीत. तरुणपणी मिलच्या पॉवरहाऊसमध्ये होते, मिल बंद पडल्यावर इथे आले. मी आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट घेऊन नायगावपासून लोअर परळपर्यंत चपला झिजवत होते, तेव्हाची गोष्ट. जिथे जाईन तिथे तेच. बाईमाणूस, डिझेलचं काम, कपडे खराब होतील तुमचे. माझे कपडे मी धुणार, तुमच्या काय पोटात दुखतंय! असं एका ठिकाणी बोलूनही आले होते. काकांनी कपड्यांचं काही विचारलं नाही. विचारलं, "झाकण उघडलंस की स्क्रू कुठे ठेवतेस?"

मी म्हटलं, "खिशात."

"चूक. झाकणातच ठेवायचे. पण खरं सांगितलंस. उद्यापासून ये."

पहिल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तेव्हा काकांनी माझ्या डब्यातली भाकरी न विचारता उचलली नि खाल्ली. घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न तोच विचारला. "खाल्लं का त्यांनी आपलं?" म्हटलं, "खाल्लं. उद्या दोन जास्त दे म्हणाले." दुसऱ्या दिवशी खरंच दोन भाकऱ्या जास्त होत्या. मग काकांच्या घरून घावणे यायला लागले. ते काकी करायची. मी तिला पाहिलंही नव्हतं, तेव्हापासून तिचं खातेय मी.

काकांची शिकवण्याची एक पद्धत होती. सुरुवातीला एकदा लाईट जाऊनही इंजिन उठेना, आणि मी एकामागून एक फ्यूज बदलत सुटले होते. काकांनी माझ्या हातातला फ्यूज काढून घेतला, माझं बोट धरलं आणि एका वायरवर ठेवलं. म्हणाले, "आता हिच्याबरोबर चाल. ती जाईल तिथे जा. ती संपेपर्यंत बोट उचलायचं नाय. बोट उचललंस की तुझं डोकं मधे घुसतं." डोकं मधे घुसणं हा माझा जन्माचा आजार. त्या दिवशी बोट ठेवून चालले नि टोकाला एक सुटलेला स्क्रू सापडला. त्या बोटावर आज माझं घर चालतं. माझ्या मुलीचं कॉलेज त्याच बोटावर झालं. काकांचे उपकार मी कधी तोंडावर बोलून दाखवले नाहीत, कारण तोंड उघडलं की माझ्या तोंडातून भलतंच येतं. म्हणून इथे लिहिते.

दरवर्षी दसऱ्याला काका जनरेटरची पूजा करायचे. मी करत नाही. आमच्या घरात दसरा म्हणजे पांढरी साडी नि संध्याकाळी विहार. हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं, जरा फणकाऱ्यानेच सांगितलं असेल. काका म्हणाले, "मग तू पूजा नको करू. मशीन पूस. पुसलेलं मशीन माकाही चालतं नि तुकाही." तेव्हापासून वाटणी ठरली. आदल्या दिवशी मी जनरेटर असा पुसते की समोर उभं राहून भांग पाडावा. दसऱ्याच्या सकाळी काका हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात, मग मी एकदा जनरेटर चालवून बघते, आणि पेढा दोघं खातो. काका रिटायर झाले तरी पूजा त्यांचीच राहिली. दसऱ्याच्या सकाळी हातात झेंडूची पिशवी घेऊन ते दारात हजर.

पण मग ते नुसते दसऱ्याला नाही, आठवड्यातून तीनदा यायला लागले. काकीच्या किडन्या गेल्या. इतकी वर्षं ज्या मशीनांना काकांनी लाईट पुरवली, त्यातल्याच दोन नंबरच्या मशीनला काकी लागली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. येताना डबा असायचाच. घावणे करायची ताकद राहिली नव्हती, पण विकतचं का होईना, काहीतरी माझ्यासाठी घेतल्याशिवाय काकी जिना चढायची नाही. खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या पेशंटची फिरकी घ्यायची. तिच्या वेळेला पाळी मिळावी म्हणून पेशंट सिस्टरच्या मागे लागायचे, खोटं नाही सांगत.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतेय, तो काकीच्या वारावर आला होता. डायलिसिसला सणाची सुट्टी नसते. त्या दिवसांत काकीचं रक्त फार कमी झालं होतं. आदल्याच आठवड्यात तिला रक्त चढवलं होतं. सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मशीन चालू असताना पेशंटचं पेलाभर रक्त अंगाबाहेर नळ्यांमध्ये फिरत असतं. ते थांबलं की गोठायला लागतं, आणि गोठलं की परत देता येत नाही, फेकावं लागतं. धडधाकट पेशंट ते सोसून नेईल. काकीला आता पेलाभरही रक्त घालवणं परवडणारं नाही. तशी मशीनमध्ये बॅटरी असते, थोडा वेळ पंप चालवते. पण बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, त्यांचा भरवसा नव्हता.

आता त्या सकाळी मी काय काय केलं ते नीट सांगते, कारण काहीच लपवायचं नाहीये.

एक. गेल्या वर्षी कुंकू कंट्रोलरच्या बटणांमध्ये जाऊन बसलं होतं, ते साफ करता करता माझे दोन दिवस गेले होते. म्हणून या वर्षी मी कंट्रोलरवर प्लास्टिक लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. काकांचे हात मशीनजवळ असताना ते मधेच चालू होऊ नये म्हणून कंट्रोलर बंदवर ठेवला. इथपर्यंत ठीक. पण मग काका कुंकवाची वाटी घेऊन पॅनेलपुढे आले तशी मी खेकसले, "पॅनेलला काही लावायचं नाही हां काका! यंदा नाही म्हणजे नाही!" काका बिचारे मागे झाले.

तेवढ्यात आमच्या वॉचमनदादाने झेंडूचं तोरण नेमकं जनरेटरच्या जाळीवर बांधलं, जिथून इंजिनला हवा जाते. मी तिकडे धावले. "गुदमरून मारतोस काय त्याला? बाजूला बांध!" त्याने मुकाट्याने सोडून बाजूला, भिंतीकडच्या अंगाला बांधलं. मग पुन्हा माझी बडबड, गाठी नीट मार, खाली पाकळ्या पाडू नको. मी वॉचमनदादाच्या मागे लागले होते तोवर काकांची पूजा झाली. नारळ फुटला. पूजेनंतर जनरेटर चालवून बघायची आमची रीत, पण काकीला मशीन लावायची वेळ झाली होती, काका घाईने वर गेले. म्हटलं, दुपारी बघू. प्लास्टिक काढायचाही कंटाळा केला. प्लास्टिकवरूनच ऑटोचं बटण दाबलं, त्यावरचा हिरवा दिवा लागलेला दिसला, झालं.

आणि हूटर. काही बिघाड असला की कंट्रोलरचा हूटर बोंबलतो. पण वर पेशंट दचकतात म्हणून तक्रार आली होती, तेव्हा तो मीच महिन्यापूर्वी सोडवून ठेवला होता. हळू आवाजाचा आणायचा होता. आणला नव्हता.

साडेदहाच्या सुमाराला मी चहा ओतून घेतला आणि पंखा थांबला.

लाईट गेली की मी मनात आकडे मोजते, सवयच आहे. सहा-सातला इंजिन खाकरतं, दहाच्या आत धरतं. आठ. नऊ. दहा. अंगणात कावळा ओरडत होता, बाकी काही नाही. अकराला मी पॅनेलपाशी होते. प्लास्टिक टराटरा फाडलं. पडद्यावर लिहिलेलं: इमर्जन्सी स्टॉप.

इमर्जन्सी स्टॉप म्हणजे लाल, गोल, अंगठ्याने दाबायचं बटण. काही भलतंसलतं झालं तर जनरेटर तत्काळ थांबवायला. एकदा दाबलं की आत रुतून बसतं, आणि फिरवून बाहेर काढेपर्यंत तुम्ही इंजिनच्या पाया पडलात तरी ते चालू होत नाही. मी पॅनेलवरच्या लाल बटणाकडे बघितलं. ते बाहेरच होतं. तरी फिरवलं, ओढलं, रिसेट मारला. पडद्यावर परत तेच. म्हणजे वायर तुटली. आणि वायर तुटली म्हणजे उंदीर! महिन्याभरापूर्वी एका उंदराने आतली वायर कुरतडली होती, त्याचा राग माझ्या डोक्यात होताच. पॅनेलचं दार उघडून मी आत घुसले. हा वायरचा जुडगा ओढ, तो ओढ. वॉचमनदादा मोबाईलची बॅटरी धरून शेजारी उभा होता, त्याच्यावर ओरडत होते. "पूजेच्या नावाखाली काय काय हलवलंस सांग! कुठे हात घातलास? उंदीर आत घ्यायला दार उघडं ठेवलंस ना?" तो "नाही ताई, नाही ताई" करत राहिला.

सिस्टरचा फोन आला. "कधी येतेय लाईट? दोन नंबरची बॅटरी गेली. पंप हाताने फिरवावा लागतोय. मी एकटी सगळ्या मशीनवर पुरी पडत नाहीये, काकांना दांडा दिलाय फिरवायला."

दोन नंबर म्हणजे काकी. खरं सांगते, त्या क्षणी मला समोरची एक वायर दिसेना. मी फोनवर ओरडले, "उंदराने वायर खाल्लीय, मला सापडत नाहीये!" पलीकडे थोडी खुडबुड झाली. सिस्टरने फोन काकांच्या कानाला लावला होता.

"काय दाखवता?" काकांचा आवाज. जसा रोज असतो तसाच.

"इमर्जन्सी स्टॉप. बटण बाहेर आहे काका, मी बघितलं. उंदराने…"

"उंदीर बघितलंस तू?"

"नाही."

"मग त्याका सोड. बटणाची वायर पकड. बोट ठेव. चाल."

मधेमधे त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि पुटपुटणं. एक, दोन. एक, दोन. सिस्टरने सांगितलं असेल तशा लयीत ते दांडा फिरवत होते. सत्तरी उलटलेला माणूस, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. बायकोचं रक्त हाताने फिरवतोय आणि मला सांगतोय, बोट ठेव, चाल.

मी फोन वॉचमनदादाकडे दिला. लाल बटणामागची वायर पकडली, बोट ठेवलं. वायर खाली आली, कनेक्टरच्या पट्टीत शिरली. मीटर लावला, इथपर्यंत धड होती. पट्टीतून दुसरी निघाली, पॅनेलच्या तळातून बाहेर गेली. बाहेर? बाहेर कशाला? बोट उचललं नाही. वायर पाइपात शिरली, तर बोट पाइपावर. पाइप भिंतीवरून अंगणात आला, जनरेटरच्या भिंतीकडच्या अंगाला वळला आणि झेंडूच्या तोरणामागे गेला.

मी तोरण वर उचललं. मागे दुसरं लाल बटण होतं. आणि मला आठवलं, हे काका रिटायर झाल्यानंतर बसवलंय. फायरची तपासणी झाली तेव्हा तपासणीवाले म्हणाले होते, आग लागली तर बाहेरूनही थांबवता आलं पाहिजे. बसवल्यापासून मी त्याला एकदाही हात लावला नव्हता, पार विसरून गेले होते. आणि काकांना तर ते असल्याचंच माहीत नव्हतं.

बटण आत रुतलेलं होतं. वर मधोमध हळद, हळदीवर कुंकू. कुंकवात अंगठ्याचा ठसा. ठशात एक आडवी चीर होती. ती चीर काकांच्या उजव्या अंगठ्यावर आहे, मिलमधल्या अपघाताची. इतकी वर्षं तो अंगठा मला वायरी दाखवतोय. मी ओळखणार नाही?

बटण फिरवलं, टक करून बाहेर आलं. मी आत धावले, रिसेट मारला, पडदा साफ झाला. इंजिन खाकरलं, धरलं. पॅनेलमध्ये ठाक झालं आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. वॉचमनदादाच्या हातातल्या फोनमधून सिस्टर ओरडली, "आली! आली! दोन नंबर चालू, रक्त ठीक आहे!" मी तिथेच जमिनीवर बसले. कावळा उडून गेला होता की त्याचं ओरडणं इंजिनच्या आवाजात बुडालं होतं, कोण जाणे.

मग उठून फडकं घेतलं आणि परत त्या बटणापाशी गेले.

इथे मी खोटं लिहू शकते, पण नाही लिहिणार. फडकं घेतलं ते ठसा पुसायला. उंदराच्या नावाने मी एवढी बोंब मारून ठेवली होती की कुणालाही पटलं असतं. पुसलं की संपलं. त्या माणसाला आयुष्यभर कळलं नसतं की आपण ज्या हाताने दांडा फिरवत बसलो, त्याच हाताने तो फिरवायची वेळ आणली. कळून त्याचं काय भलं होणार होतं? पुसून टाक ना बये, असं मी स्वतःला म्हणाले. आणि पुसवेना. बिघाड कुठे होता ते काकांपासून लपवायचं, म्हणजे त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांच्याच पायाशी नेऊन टाकायचं. माझ्याने होईना ते.

वॉचमनदादाची माफी मात्र तिथल्या तिथे मागितली. माझ्या तोंडून माफी ऐकून तो जास्तच घाबरला. "बसा ताई, पाणी आणू का?" म्हणाला.

थोड्या वेळाने काका जिना उतरून आले. दांडा फिरवून अवघडलेला खांदा चोळत होते. "काय होता?" त्यांनी विचारलं.

मी फडकं खाली ठेवलं. त्यांना तोरणापाशी नेलं, तोरण उचलून बटण दाखवलं. म्हटलं, "काका, हे नवीन आहे, तुम्हाला माहीत नव्हतं. कुंकू लावताना दाबलं गेलं." आणि मग एका दमात बाकीचं. मी पॅनेलवर कुंकू लावू दिलं नाही म्हणून तुम्ही इथे लावलंत, मी ओरडले म्हणून त्याच्यावर तोरण येऊन ते झाकलं गेलं, मी प्लास्टिक काढलं नाही, मी पडदा वाचला नाही, हूटर मी सोडवला. सगळं मी. बोलता बोलता रडू फुटलं. माझं रडणंसुद्धा भांडल्यासारखंच असतं, त्याला इलाज नाही.

काकांनी माझं काही ऐकलं की नाही, माहीत नाही. ते अंगठ्याकडे बघत होते. अंगठ्याला कुंकू तसंच होतं. "गोल दिसला, लाल दिसला," ते म्हणाले. "माका वाटला, पूजेसाठीच कोणी लावलाहा." मग खोलीत येऊन स्टूलवर बसले. "म्हणजे तिका मीच…" पुढचं त्यांनी गिळलं. मी पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

शेवटी उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सांगलंस ता बरां केलंस," म्हणाले. "आता वर चल. तिका मी सांगतंय. तू फक्त उभी रव."

मी म्हटलं, "काका, आज नको. तिची तब्येत बघा. घरी गेल्यावर सांगा."

"रक्त तिचा. मगे तिका आधी कळाक नको?"

जिना चढताना त्यांनी कठडा धरला होता. मी मागे, एका पायरीच्या अंतरावर. मला वाटत होतं, काकी काय बोलेल? ती बोलली तर एक वेळ ठीक. नुसती बघत राहिली तर हा माणूस मोडेल. काकांना मी कधी मोडलेलं बघितलं नव्हतं, मिल गेली तेव्हाच्या गोष्टी सांगतानासुद्धा नाही, आणि मला ते बघायचं नव्हतं.

वर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. सिस्टर काकीचं ब्लडप्रेशर घेत होती. काकीचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे टकटकीत. काका तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "लाईट माझ्यामुळे नाय आली. खाली एक बटण होता, ते मी कुंकू लावताना दाबलंय. या पोरीची काय चूक नाय."

सिस्टरचा हात ब्लडप्रेशरच्या फुग्यावर तसाच राहिला. काकीने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत काकांकडे.

"कुंकू?" काकी म्हणाली.

"हां."

"चाळीस वर्सां झाली लग्नाक. माझ्या कपाळाक कधी आपल्या हाताने कुंकू लावलात? आणि त्या मशीनीक लावूक गेलात!"

पहिला हसला तो पलीकडच्या खुर्चीतला पेशंट. मग सिस्टर. मग सगळा हॉल. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. काका तेवढे हसले नाहीत. त्यांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते.

"आता रडताहात कित्याक?" काकी हळूच म्हणाली. आवाजातली मस्करी गेली होती. नळ्या लावलेला हात हलवायचा नसतो, म्हणून तिने दुसऱ्या हाताने त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली ओढलं. "अंगठ्याक आसा ना अजून? मगे लावा हय."

काका वाकले. अंगठा तिच्या कपाळापाशी नेला आणि तिथेच थांबले. टेकवायचा धीर होईना त्यांना.

"लावा हो," काकी म्हणाली. "फक्त जोरात दाबू नका. नायतर मी बंद पडायची."

काकांनी अंगठा टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले. सिस्टरला काकीचं ब्लडप्रेशर परत घ्यायचं होतं, पण ती पट्टा हातात घेऊन बाजूला थांबली.